वरच्या माशांची खालची टाकी

मासा आजारी पडला तरी खोकत नाही, ही मासे पाळणाऱ्याची सगळ्यात मोठी अडचण आहे. माणूस कण्हतो, मांजर जेवायचं सोडून कपाटामागे जाऊन बसतं, कुंडीतलं झाडसुद्धा पानं गाळून निषेध नोंदवतं. मासा मात्र ठणठणीत असतानाही तोंड उघडमीट करतो आणि शेवटचे श्वास मोजत असतानाही तेच करतो. त्यामुळे टाकीतल्या थोरलीचं, म्हणजे सगळ्यात मोठ्या मासोळीचं, काहीतरी बिनसलंय हे गुरुजींच्या लक्षात यायला चार दिवस लागले, आणि आपल्या लक्षात आलंय ते खरं आहे यावर त्यांचा विश्वास बसायला आणखी दोन.

गुरुजी हे गुरुजी नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला काही शिकवलं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. वेळापत्रकं, टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या, औषधाच्या बाटलीबरोबर येणारे ते सात घड्यांचे कागद. मूळ प्रत डावीकडे, छापलेला कागद उजवीकडे, आणि मधे गुरुजींचं नाक. पण जाड चष्मा, किंचित पुढे आलेली मान आणि कोणी हाक मारली की दचकण्याची सवय एवढ्या भांडवलावर इमारतीनं त्यांना गुरुजी करून टाकलं होतं, आणि ते नाव नाकारण्याइतकं मोठ्यानं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांची पत्नी मोठ्यानं बोलू शकत असे. तिला सगळे काकू म्हणत.

मासे मुळात मुलीचे. ती नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली तेव्हा पाच सोनेरी मासे मागे ठेवून गेली. अंगठ्याएवढे होते. "बाबा, थोडे दिवस सांभाळा," असं म्हणाली होती. थोड्या दिवसांची सात वर्षं झाली. गुरुजींनी मासे असे सांभाळले की एकेक वीतभर लांब झाला, पहिली टाकी गेली, दुसरी गेली, आणि आता दिवाणखान्याच्या लांब भिंतीला सहा फुटांची काचेची टाकी होती. साडेसहाशे लिटर पाणी. तिच्याखाली दोन दारांचं भक्कम लाकडी कपाट. टाकीसमोर वेताची खुर्ची. त्या खुर्चीत बसून गुरुजी जेवढं बोलत तेवढं ते छापखान्यात चौतीस वर्षांत मिळून बोलले नसतील. काकू स्वयंपाकघरातून ऐकत आणि ऐकलं नाही असं दाखवत. संसार टिकतात ते अशाच गोष्टींवर.

तर आता टाकीतलं पाणी गढूळ झालं होतं. गुरुजी ते बदलत, ते पुन्हा गढूळ होई. फिक्या चहाचा रंग होता आधी, मग तो कडक चहाकडे झुकू लागला. थोरली सतत वर येऊन तोंड उघडत राही. शेवटी गुरुजी ज्या दुकानातून माशांचं खाद्य आणत त्या दुकानदाराला त्यांनी घरी आणलं. त्यानं टाकीत बोट बुडवलं, बोटाचा वास घेतला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं काकूंना बाजूला घेतलं.

त्याचं म्हणणं असं, की मासे आहेत घोड्यासारखे आणि गाळणी आहे चहाची. एवढ्या माशांना संप पाहिजे. संप म्हणजे कामगारांचा नव्हे, हे त्यानंच सांगितलं. मोठ्या टाकीच्या खाली एक दुसरी टाकी ठेवायची. वरचं पाणी नळीनं खाली उतरतं, तिथे आधी स्पंजातून जातं, मग खड्यांतून झिरपतं, आणि स्वच्छ झालेलं पाणी पंप परत वर फेकतो. दिवसरात्र हे चक्र चालू. हे केलं तर मासे जगतील. नाहीतर पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे.

काकूंनी त्याच संध्याकाळी निकाल दिला. गावाबाहेरच्या एका हॉटेलच्या बागेत तळं होतं आणि हॉटेलवाला त्यांच्या भावाच्या ओळखीचा होता. दोन आठवड्यांत पाणी निवळलं नाही तर मासे त्या तळ्यात जातील.

"तिथे बदकं आहेत," गुरुजी म्हणाले.

"बदकं निदान उघड्यावर खातात," काकू म्हणाल्या. "इथे माझ्या डोळ्यांदेखत झुरून मरायला नकोत. आणि तुम्ही त्या खुर्चीत बसून त्यांच्याबरोबर मरायला तर मुळीच नकोत."

गुरुजींनी पहिले चार दिवस वाचनात घालवले. वाचनालयातून तीन पुस्तकं आणली, दुकानदाराकडून दोन माहितीपत्रकं, आणि एक नवी वही घातली. काच की प्लास्टिक, कप्पे तीन की चार, स्पंज जाड की बारीक, हे सगळं त्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरलं. पान सोळावर वीज गेली तर काय होतं याचं टिपण होतं. त्याखाली त्यांनी लाल शाईनं रेघ मारली होती. लाल रेघ मारली की गुरुजींना ती गोष्ट आपण केल्याचं समाधान मिळे. हा त्यांचा जुना दोष होता, पण तो दोष आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

मग मापं घेतली. कपाटाच्या आतली लांबी, रुंदी, उंची. तीन वेळा. पहिल्या वेळचं माप दुसऱ्या वेळेशी पडताळलं, दुसरं तिसऱ्याशी. आकडे जुळले. काचवाल्याला देण्याच्या कागदाच्या त्यांनी दोन प्रती केल्या आणि त्या प्रतीही एकमेकींशी ताडून पाहिल्या. एका आकड्याचा फरक नाही. काकूंनी सहज विचारलं होतं, की काचवाल्याला घरी बोलावून कपाट दाखवायचं का. गुरुजींना ते जरा लागलं. ज्या माणसानं नव्वद हजार टेलिफोन नंबर तपासले त्याला तीन आकडे तपासून घ्यायला काचवाला कशाला?

काचवाला चौथ्या दिवशी टाकी घेऊन आला. चार फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फूट उंच, आत तीन कप्पे. काम इतकं नेटकं की गुरुजींनी तिच्यावरून हात फिरवला. काचवाल्यानं एक बाजू धरली, गुरुजींनी दुसरी. काकूंनी कपाटाची दोन्ही दारं उघडली.

दोन दारांच्या मधे एक खांब होता.

तो नवीन उगवला नव्हता. पहिल्यापासून होता. त्याच्याच आधारावर वरचं साडेसहाशे लिटर पाणी उभं होतं. आत चार फुटांची टाकी आरामात मावली असती, पण आत जायला वाट होती ती खांबाच्या अलीकडे अडीच फूट आणि पलीकडे अडीच फूट. सव्वा फूट उंचीची, चार फूट लांबीची काच वाकत नाही. काचवाल्यानं ती तिरकी करून पाहिली, उभी करून पाहिली, आणि मग जमिनीवर ठेवून कमरेवर हात ठेवले.

"माप तुम्ही दिलंय तेच आहे," तो म्हणाला.

"माप बरोबरच आहे," गुरुजी म्हणाले, आणि खिशातला कागद काढून पुन्हा एकदा पाहिला. खरंच बरोबर होतं. मुद्रितशोधकाच्या धंद्यात कागद कागदाशी जुळला की काम संपतं. कागद जगाशी जुळतो की नाही हे पाहायला वेगळा माणूस असतो. इथे तो नव्हता, एवढंच.

"आधी टाकी ठेवायची असते, मग कपाट लावायचं असतं," काचवाला जाता जाता म्हणाला. हे त्यानं सहज सांगितलं. गुरुजींना मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून टाकी दिवाणखान्याच्या मधोमध पडून राहिली आणि दार उघडं दिसलं की लोक आत येऊ लागले. आपल्याकडे कोणाच्या घरी कोणी आजारी पडलं तर लोक फोन करतात, पण कोणाच्या घरी काही चुकलं तर समक्ष येतात. समोरच्या वहिनींनी खांब कापून टाकायला सांगितलं. खांब कापला तर टाकी खाली येईल असं गुरुजी हळूच म्हणाले, तर वहिनी म्हणाल्या की टाकी खालीच यायला हवी होती ना. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी टाकी पलंगाखाली ठेवून वर झोपायचा सल्ला दिला. वाहत्या पाण्याच्या आवाजानं झोप छान लागते म्हणे. कोणीतरी टाकीत चादरी भिजवायची सूचना केली. प्रत्येकजण जाताना टाकीला एक टिचकी मारून जाई. काच चांगली वाजते का हे पाहायला. काकूंचा पाय तिच्या कोपऱ्यावर दोनदा आपटला. त्यांनी हॉटेलवाल्याचा नंबर एका कागदावर लिहून तो कागद टाकीच्या काचेवर, थोरलीच्या नाकासमोर चिकटवला.

चार दिवस उरले होते. थोरली दोन दिवसांपासून खाद्यही घेईना.

तेव्हा गुरुजींनी एक धाडस केलं. संप कपाटात जात नाही तर नाही. तो कपाटासमोर जमिनीवर ठेवायचा. वरच्या टाकीतून एक जाड नळी काठावरून खाली आणायची, पंपाची नळी परत वर न्यायची. दिसायला वाईट दिसेल, पण माशांना आतून दिसतं तरी कुठे. मंगळवारी सकाळी त्यांनी वही मांडीवर घेऊन सगळं जोडलं. घाण तळाशी बसते, म्हणून नळीचं तोंड टाकीच्या अगदी तळाशी नेलं. पंप सुरू केला. पाणी खाली आलं, स्पंजातून गेलं, खड्यांतून झिरपलं, आणि वर गेलं. गुरुजी खुर्चीत बसले आणि थोरलीला म्हणाले, "बघ."

याच सुखाच्या क्षणी सेक्रेटरींची चिठ्ठी आली.

इमारतीच्या समितीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहत. नियमांची पुस्तिका त्यांना तोंडपाठ होती, याचं कारण ती त्यांनीच लिहिली होती. वाईट माणूस नव्हता. पण एखाद्याला संगीताचा कान असतो तसा त्यांना कलमांचा कान होता. गुरुजींच्या घरी काचेचं काहीतरी आलंय हे त्यांना जिन्यावरून कळलं होतं. गुरुजी दुपारी भीतभीत खाली गेले. काकू समोरच्या वहिनींकडे गेल्या. घरात मासे तेवढे राहिले.

नियम सतरा असा होता, की घरात पाचशे लिटरांहून अधिक पाणी साठवायचं तर समितीची परवानगी हवी. जुनी टाकी कशीबशी नजरेआड केली होती. आता दोन टाक्या झाल्या. त्यासाठी अर्ज होता. अर्ज पाण्याच्या टाक्यांचाच होता, कारण दुसरा नव्हता.

"टाकी गच्चीवर आहे की जमिनीखाली?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मधे आहे," गुरुजी म्हणाले.

सेक्रेटरींनी दोन्ही चौकटींच्या मधल्या जागेत खूण केली. ते त्यांच्या मनाला लागलं असावं, कारण त्यांनी पेन काही वेळ खाली ठेवलं. मग झाकण आहे का, पक्षी पडण्याचा संभव आहे का, वर्षातून किती वेळा आतून घासता, असं सगळं झालं.

"पाणी पिण्यायोग्य आहे?"

गुरुजी खोटं बोलू शकत नसत. "मासे पितात," ते म्हणाले.

मधेच वीज गेली. डोक्यावरचा पंखा गरगरत मंदावला आणि थांबला. गुरुजींनी वर पाहिलंसुद्धा. आता उकडणार, एवढंच त्यांच्या मनात आलं. सेक्रेटरींनी खिडकी उघडली आणि उजेडात अर्जाचं दुसरं पान सुरू केलं. पाऊण तास गेला. शेवटी सेक्रेटरी म्हणाले की आता फक्त खालच्या मजल्यावरच्या रहिवाशाची ना-हरकत सही आणा, म्हणजे झालं.

गुरुजींच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्यावर मीटरसाहेब राहत. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले, एकटे, सहा फूट उंच. चार वर्षांपूर्वी गुरुजींच्या न्हाणीघरातून त्यांच्या छतावर एक ओल उतरली होती. ती दुरुस्त झाली, पण बोलणं दुरुस्त झालं नाही. तेव्हापासून मीटरसाहेब जे काही म्हणायचं ते सेक्रेटरींमार्फत लेखी म्हणत, आणि जिन्यात समोरासमोर आले तर दोघेही आपापल्या चपलांकडे पाहत. त्या माणसाकडे जायचं, घंटी वाजवायची, आणि म्हणायचं की माझ्याकडे पाणी आणखी वाढलंय, जरा सही द्या.

"दुसऱ्या कोणाची चालेल का?" गुरुजींनी विचारलं. "चौथ्या मजल्यावरचे आजोबा देतील."

"पाणी वर गळत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

आणि तेवढ्यात दारात मीटरसाहेब उभे राहिले. त्यांच्या हातात सवयीप्रमाणे तक्रारीचा कागद होता. कागद ओला होता. कागदच काय, मीटरसाहेबांचं डोकं, खांदे आणि चष्मा सगळंच ओलं होतं, आणि हनुवटीवरून सावकाश थेंब पडत होते. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं नाही. कागद सेक्रेटरींपुढे धरला. शाई इतकी पसरली होती की फक्त तारीख वाचता येत होती.

आता पंपाला वीज लागते, हे शहाण्याला सांगायला नको. पण काठावरून खाली उतरणाऱ्या पाण्याला वीज लागत नाही. पंप थांबला तरी ते उतरतच राहतं, आणि नळीचं तोंड तळाशी असेल तर वरची टाकी रिकामी होईपर्यंत उतरतं. हे सगळं पान सोळावर होतं. लाल रेघेसकट.

तिघे वर धावले तेव्हा काकू घरी आल्या होत्या आणि साडी खोचून केरसुणीनं पाणी न्हाणीघराकडे लोटत होत्या. नळी त्यांनी कधीच उपटून फेकली होती, कुठलंही पान न वाचता. त्यांनी फेकली म्हणूनच टाकीत निम्मं पाणी उरलं होतं. पाचही मासे खालच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे होते. जमिनीवर एक पुस्तक तरंगत होतं. वाचनालयाचं.

गुरुजी दारातच उभे राहिले. आत जायचं धैर्य होईना. आता मीटरसाहेब ओरडतील, सेक्रेटरी लिहून घेतील आणि काकू काचेवरचा नंबर फिरवतील, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं, आणि तिघांचंही बरोबरच असणार होतं.

पण मीटरसाहेब ओरडले नाहीत. ते पाण्यातून फच फच करत थेट नळ्यांपाशी गेले, वाकले, आणि जोड हातात घेऊन पाहिला. वाईट स्वयंपाक चाखताना आचाऱ्याचा चेहरा व्हावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"हे कोणी जोडलं?"

चार वर्षांतलं त्यांचं गुरुजींशी पहिलं वाक्य ते हेच.

"मी," गुरुजी म्हणाले.

"तोंड तळाशी का नेलंत?"

"घाण तळाशी असते म्हणून."

"आणि पंप थांबला की?"

गुरुजींनी तरंगणाऱ्या पुस्तकाकडे पाहिलं. मीटरसाहेबांनी मग विचारलं, की ही टाकी वाटेत का, कपाटात का नाही. काकूंनी केरसुणीच्या टोकानं खांब दाखवला. मीटरसाहेबांनी एक दार उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं, खांबाला हात लावून पाहिला. मग त्यांच्या घशातून एक आवाज आला. सेक्रेटरींना वाटलं त्यांना सर्दी झाली. ते हसत होते.

तेवढ्यात थोरली कोपरा सोडून वर आली. वर म्हणजे उरलेल्या पाण्याच्या वर, मीटरसाहेबांच्या बरोबर समोर, आणि तोंड उघडमीट करत राहिली.

"हिला काय झालंय?"

"पाणी वाईट आहे," गुरुजी म्हणाले. "म्हणून हा सगळा उपद्व्याप. शनिवारी हॉटेलवाल्याकडे जाणार आहेत पाचही. तळ्यात. बदकं आहेत तिथे." आणि मग, कोणी विचारलं नसताना, "मुलीचे आहेत," एवढं म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. पुसायला कोरडं काही नव्हतं.

पाणी वाईट आहे, ही तक्रार मीटरसाहेबांनी एकतीस वर्षं ऐकली होती. खिडकीवर येऊन ओरडणाऱ्यांकडून, फोनवर ओरडणाऱ्यांकडून, एकदा तर एका गृहस्थानं बाटलीच त्यांच्या टेबलावर आपटली होती. त्या सगळ्यांकडे त्यांनी मीटर वाचतात तितक्याच थंडपणे पाहिलं होतं. ही तक्रार करणारी ओरडत नव्हती. नुसतं तोंड उघडत होती. मीटरसाहेब बराच वेळ वाकून राहिले.

मग उभे राहून ते छताकडे पाहत बोलले, जणू गुरुजींशी बोलतच नाहीत.

"हे बघा, नाहीतरी तुमचं पाणी शेवटी माझ्याकडेच येतं. मग रीतसर नळीतून येऊ दे."

कोणालाच कळलं नाही. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. संप टाकीच्या खाली पाहिजे ना, मग एक मजला खाली ठेवला म्हणून काय बिघडलं? दोन्ही घरांच्या मागच्या खिडक्या पाइपांच्या त्याच मोकळ्या बोळात उघडतात. एक नळी उतरेल, एक चढेल. एवढ्या उंचीला तुमचा हा पंप खेळणं आहे; माझ्याकडे एक आहे. जागा आहे. माझ्याकडे जागाच आहे.

"पण मग टाकी कोणत्या मजल्यावर दाखवायची?" सेक्रेटरींनी विचारलं.

"दोन्ही," मीटरसाहेब म्हणाले.

"आणि खालच्या मजल्याची ना-हरकत?"

"खालच्या मजल्यावर मीच आहे. माझी हरकत नाही. कागद आणा."

सेक्रेटरींनी रात्रभर पुस्तिका चाळली असं म्हणतात. सकाळी त्यांनी परवानगी दिली, पण 'टाकी' या सदरात नाही. 'दोन मजल्यांमधील पाण्याच्या गळतीची कायमची व्यवस्था' या सदरात. त्यात असत्य काही नव्हतं.

पुढचे दोन दिवस इमारतीनं असं दृश्य पाहिलं की लोक जिन्यात थांबू लागले. मीटरसाहेबांच्या जेवणाच्या खोलीत सहा खुर्च्यांचं टेबल होतं. पाच खुर्च्यांवर जुनी वर्तमानपत्रं बसलेली. त्यांनी वर्तमानपत्रं उचलली, टेबल सरकवलं आणि भिंतीशी संप मांडला. गुरुजी वही उघडून वाचून दाखवत. मीटरसाहेब "चूक" म्हणत आणि आपल्या पद्धतीनं करत. करून झालं की ते वहीत लिहिलं होतं तसंच निघे. तेव्हा मीटरसाहेब म्हणत, "मग सरळ सांगायचं ना." वरच्या नळीचं तोंड आता पाण्याच्या पृष्ठभागाखाली जेमतेम दोन बोटं ठेवलं, म्हणजे वीज गेली तरी दोन बोटंच पाणी उतरेल. पंपाची पहिली चाचणी जरा जोरात झाली. पाणी टाकीत न पडता टाकीवरून उडालं आणि केरसुणी घेऊन तयारच बसलेल्या काकूंवर पडलं. काकूंनी खिडकीतून बोळात डोकं घालून खाली फक्त एवढंच विचारलं, "साहेब, चार वर्षांचं आजच वसूल करताय का?" खालून उत्तर म्हणून पाण्याचा जोर कमी झाला.

चढत्या नळीवर मीटरसाहेबांनी एक मीटर बसवला. कशासाठी, असं गुरुजींनी विचारलं. मीटरसाहेबांना प्रश्नच समजला नाही.

शुक्रवारी पाणी चहाचं लिंबूपाणी झालं. शनिवारी सकाळी टाकीच्या पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर टाकीतून वाचता आलं. गुरुजींनी तारीख मोठ्यानं वाचून दाखवली. अकरा वाजता हॉटेलवाल्याचा माणूस बादल्या घेऊन आला. काकू दारात उभ्या राहिल्या आणि त्याला म्हणाल्या की मासे कुठेही जाणार नाहीत, आणि तुमच्या बदकांना बाहेरचं खायची सवय लावू नका. मग काचेवरचा नंबर काढून त्याच्या बादलीत टाकला. आत थोरलीनं सहा दिवसांनी पहिला दाणा गिळला. गुरुजींनी तो क्षण वहीत नोंदवला. पान कितवं ते सांगत नाही.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मीटरसाहेब रोज सकाळी वर येऊन मीटरचा आकडा सांगत. त्या आकड्याचं करायचं काय हे दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून चहा घेत.

एका सकाळी ते आले नाहीत. त्याऐवजी नळीवर टकटक झाली. मग आणखी. काकूंनी खिडकीतून पाहिलं तर खाली मीटरसाहेब हातानं खुणावत होते, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे तो दबका होता.

"गुरुजींना पाठवा. पळवू नका. हळू या म्हणावं."

गुरुजींनी मनातल्या मनात यादी केली. टाकी फुटली. जोड सुटला. छत. ते बनियनवरच खाली गेले. मीटरसाहेबांचं दार उघडं होतं आणि सहा फुटांचे मीटरसाहेब जेवणाच्या खोलीत संपासमोर पालथे पडले होते. हातात बॅटरी होती, आणि पंप एका काळ्या पायमोज्यात घातलेला होता.

"खाली पडा," ते म्हणाले. "आणि श्वास जपून घ्या. काच धुरकटते."

गुरुजी पालथे पडले. बॅटरीचा उजेड मधल्या कप्प्यात, खड्यांच्या वर पडला होता. आधी काही दिसलं नाही. मग एक पापणीचा केस हलला. मग आणखी एक. मग ते केस नाहीत हे कळलं, कारण प्रत्येकाला दोन डोळे होते.

वर पाणी चांगलं लागलं म्हणून थोरलीनं अंडी घातली होती, आणि कोणाला काही सांगितलं नव्हतं. वर राहिलेली अंडी बाकीच्या चौघांनी, रीतीप्रमाणे, खाऊन टाकली असणार. पण काही नळीतून खाली आली. खाली खायला कोणी नव्हतं.

"पंपात ओढले जातील म्हणून मोजा चढवला," मीटरसाहेब म्हणाले. "धुतलेला आहे."

गुरुजींनी मोजले. अडतीस भरले. मीटरसाहेबांचे एक्केचाळीस भरले होते. गुरुजींनी पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा मोजले, आणि तिन्ही वेळचे आकडे वेगळे आले. त्यांना त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

"हा एक बघा," मीटरसाहेबांनी बॅटरी कोपऱ्यात नेली. तिथला जीव तिरका पोहत होता, दर वेळी काचेवर आपटून थांबत होता. "हा जगेल का हो?"

गुरुजींनी आजवर कुठल्याही प्रश्नाला 'बहुधा' किंवा 'पाहावं लागेल' याखेरीज उत्तर दिलं नव्हतं. पुस्तकात काय लिहिलंय ते त्यांना आठवतही होतं, आणि ते फारसं बरं नव्हतं.

"जगेल," ते म्हणाले.

मीटरसाहेबांनी मान हलवली. एवढं पुरलं त्यांना.

वरून बोळातून काकूंची हाक आली. किती वेळ झाला, काय फुटलं, पोतेरं घेऊन येऊ का.

"काही फुटलं नाही," मीटरसाहेबांनी पडल्या पडल्या उत्तर दिलं. "बाळंतीण तुमच्याकडे वर आहे, बाळं इथे खाली आहेत. तिला जरा जास्तीचं खायला घाला."

मग जिन्यात चपलांचा आवाज आला. काकू दोन दोन पायऱ्या एकदम उतरत होत्या.

"त्या आता वर न्यायला सांगतील," मीटरसाहेब घाईनं, खालच्या आवाजात म्हणाले. "मी नाही म्हणत नाही. मासे तुमचे. मुलीचे. थोडे मोठे होऊ देत, अंगठ्याएवढे. मग पाठवू वर." त्यांनी बॅटरी विझवली आणि पुन्हा लावली. "पण सगळे नाही हं, गुरुजी."

"सगळे कशाला," गुरुजी म्हणाले, आणि काकूंना पालथं पडायला जागा व्हावी म्हणून थोडे सरकले.